चार दिवस चिखलदऱ्याला

मे महिन्यात अकोल्याला पाहुणा आला तर समजावे, तो लग्नाला आला आहे किंवा त्याची बदली झाली आहे. हौसेने कोणी येत नाही. पारा ४५ च्या वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरी आल्यावर पन्हे, एवढ्या भांडवलावर आम्ही वऱ्हाडातली माणसे उन्हाळा काढतो. मोठ्यांचे ठीक आहे, पण सुट्टी लागलेल्या मुलांचे काय करायचे? सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत त्यांना कूलरसमोर कोंडून ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

१९९३ च्या मे महिन्यात थोरला आठ वर्षांचा होता आणि धाकटी साडेचारची. मी बँकेत अधिकारी होतो. बँकेची एलएफसी मिळायची, म्हणजे प्रवासाचे भाडे बँक देणार. सहकारी त्यावर उटी, सिमला, कन्याकुमारी करून येत आणि वर्षभर अल्बम दाखवत. पण भाडे बँकेचे असले तरी हॉटेलचे बिल आपलेच असते, आणि घराचे हप्ते तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. सौ. म्हणाली, "लांब कशाला? आपला चिखलदरा काय वाईट आहे?" आईला मात्र ते पटले नाही. "डोंगरात काय पाहाचं बाप्पा? गोटे अन् झाडं. अन् पोट्टे आजारी पडले तं?"

थोरल्याने भूगोलाचे पुस्तक काढले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर, अकोला तीनशेच्या आसपास. दर १६५ मीटरला तापमान एक अंशाने उतरते. त्याने पाटीवर भागाकार केला आणि विचारले, "बाबा, पाच अंशांसाठी एवढे पैसे?" बँकेतल्या माणसाच्या पोटी मूल जन्माला आले की असे प्रश्न ऐकावे लागतात.

त्याला गप्प करायला मी शकुंतलेचे आमिष दाखवले. आमची शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची आगगाडी. इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीने ती वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातली, आणि देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हे रूळ मात्र कंपनीचेच राहिले. मूर्तिजापूर ते अचलपूर हे सुमारे ७६ किलोमीटर अंतर ती चार तासांहून अधिक वेळात काटत असे. एखादा प्रवासी धावत येताना दिसला तर गार्ड थांबे, असे सांगतात. आमच्या वेळी तर गाडीच इतकी सावकाश चालत होती की थांबायची गरज पडली नाही. इंजिन वाफेचे होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, त्याच्या जागी डिझेल आले. म्हणजे आमच्या मुलांनी त्याचा शेवटचा उन्हाळा पाहिला. दर्यापूर येईपर्यंत दोघांचे चेहरे कोळशाच्या कणांनी काळे झाले होते आणि दोघेही कमालीचे खूश होते.

परतवाड्याहून एस.टी. धामणगाव गढी मागे पडले की घाट लागतो. लहान मुलांना घेऊन घाट चढणाऱ्या आयांसाठी सौ.चा सल्ला असा: मुलांना मागच्या बाकावर बसवू नये, निघण्यापूर्वी दूध पाजू नये, आणि आलेपाकाच्या वड्या हाताशी ठेवाव्यात. आम्ही तिन्ही पथ्ये पाळली. उलटी मला झाली.

वर पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बसमधून उतरताच वारा अंगावर आला आणि धाकटी दचकून म्हणाली, "बाबा, बाहेर कूलर कोणी लावला?" पाच अंशांचा हिशेब थोरल्याने तिथेच सोडून दिला.

चिखलदरा महाबळेश्वरसारखा नटलेला नाही. तेव्हा तर मुळीच नव्हता. १८२३ साली हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनला हे पठार सापडले, असे सांगतात. सापडले म्हणजे साहेबाला सापडले. कोरकू आणि गवळी तिथे राहतच होते. साहेबांनी बंगले बांधले, कॉफी लावली. ती कॉफी अजून आहे. गवळ्यांकडे खवा आणि रबडी मिळते. बाकी पाहायला म्हणाल तर दऱ्याच दऱ्या.

पण मुलांना आणखी काय लागते? पंचबोल पॉइंटवर जाऊन हाक मारली की समोरचे डोंगर ती परत करतात. थोरल्याने स्वतःचे नाव पुकारले, मग बहिणीचे, मग वर्गशिक्षिकेचे, आणि शेवटी, आजूबाजूला पाहून, एक शिवी. ती पाच वेळा आली की तीन वेळा हे मी मोजले नाही. आम्ही तिथून घाईने निघालो. भीमकुंडावर मी कीचकवधाची गोष्ट सांगितली. द्रौपदीच्या वाटेला गेलेल्या कीचकाला भीमाने मारून दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, आणि त्याचा पुढे चिखलदरा झाला. मग भीमाने या कुंडात हात धुतले. धाकटीने पाण्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मग हे पाणी कोणी बदललं की नाही?"

गाविलगडाच्या दारात मी जरा इतिहास सांगायचा प्रयत्न केला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांचा हा गड घेतला, आणि दोनच दिवसांनी खाली देवगावला तह होऊन वऱ्हाड नागपूरकरांच्या हातून गेला. थोरला तटावरच्या वानरांशी बोलण्यात गुंतला होता. वाघ दिसला नाही. मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी, १९७३-७४ चा; पण वाघाला आमच्या एलएफसीच्या तारखा माहीत नव्हत्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आम्ही उतरलो होतो त्या विश्रामगृहाचा चौकीदार कोरकू होता. बायको आणि मुलगा मागच्या खोलीत. मुलाला मराठी येत नव्हते. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे; ती संथाळी, मुंडारी यांच्या कुळातली भाषा, सातपुड्यात एकटी पडलेली. पण साडेचार वर्षांच्या मुलीला भाषेची अडचण पडत नाही. तो रोज सकाळी ओंजळभर चाराची काळी, गोड फळे घेऊन यायचा. दोघे मिळून ती खायची आणि आतल्या बिया दगडाने फोडून चारोळी काढायची. त्याची आई दरीच्या बाजूच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. चिखलदऱ्याला पाऊस अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, पण उतारावरून सारा खाली निघून जातो, आणि पाहुण्यांचा मे महिना हाच तिथला टंचाईचा महिना. आमच्या चौघांच्या आंघोळीच्या बादल्या ती बाई भरत होती, हे सौ.च्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले. तिसऱ्या दिवसापासून तिने आमची आंघोळ दोघांत एक बादली अशी केली. मी कुरकुर केली. धाकटी तोवर तहान लागली की "डा" म्हणायला लागली होती. कोरकूत पाण्याला डा म्हणतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी थोरल्याने व्हरांड्यातल्या लाकडी खांबाला पाठ लावून स्वतःची उंची पेन्सिलीने आखून घेतली. आमच्या घरी दाराच्या चौकटीवर दर वर्षी निकालाच्या दिवशी अशा रेघा मारायची पद्धत आहे. मग बहिणीची रेघ झाली. मग त्याने त्या मुलाला उभे केले. त्याची रेघ धाकटीच्या रेघेखाली चार बोटे आली. ती टाळ्या पिटून नाचली, "मी मोठी, मी मोठी!" सौ.ने त्याच्या आईला वय विचारले. आई म्हणाली, सहा सरून गेले.

मी हसत म्हणालो, "लहान चणीचा दिसतो."

रात्री मुले झोपल्यावर सौ. म्हणाली, "अहो, त्याचे केस पाहिले का? तांबूस झालेत. हातापायाच्या काड्या, आणि पोट तेवढं पुढे." मी म्हणालो, उन्हाने होतात केस तसे. ती काही बोलली नाही. सकाळी तिने उरलेले बिस्किटांचे पुडे, दुधाच्या पावडरचा डबा आणि थोरल्याचा स्वेटर त्या बाईला दिला. मी चौकीदाराच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि मनात म्हणालो, फार नाही ना झाले?

हा मी कोण? एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत म्हशींची कर्जे मंजूर करणारा, आणि म्हैस जागेवर आहे की फक्त कागदावर, हे गोठ्यात जाऊन तपासणारा अधिकारी. जनावराच्या बरगड्या पाहून त्याची तब्येत सांगण्याबद्दल शाखेत माझे नाव होते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. धारणी आणि चिखलदरा, हे दोनच तालुके. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मंत्र्यांचे दौरे झाले, कुपोषण हा शब्द घरोघर पोहोचला. तो कसा घडतो हे तेव्हा वाचून कळले. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे चार पैसे हातात असतात, जंगलात मोह आणि चार असतो. पाऊस लागला की काम थांबते. घरातले धान्य संपलेले असते, शेतातले आलेले नसते. नाल्यांना पूर येऊन वाटा तुटतात आणि नेमकी तेव्हाच हगवण, हिवताप, न्यूमोनिया गाठतात. आधीच अंगात काही नसलेले मूल मग एका साध्या तापाने जाते. कागदावर कारण ताप लागते, भूक लागत नाही.

एका सकाळी सौ.ने पेपर माझ्यासमोर ठेवला. फोटोतले मूल दुसरेच होते. केस, हात, पोट तेच होते. ती एवढेच म्हणाली, "उन्हाने होतात ना?"

मी त्या चौकीदाराच्या नावे विश्रामगृहाच्या पत्त्यावर कार्ड टाकले. त्याला वाचता येत नव्हते हे कार्ड पेटीत पडल्यावर आठवले. उत्तर आले नाही. १९९६ मध्ये शाखेच्या कामाने परतवाड्याला गेलो तेव्हा मुद्दाम वर जाऊन आलो. तो रोजंदारीवरचा माणूस, काम सुटले आणि गावाकडे गेला म्हणाले. गाव कोणते? कोणी म्हणे सेमाडोहकडचे, कोणी म्हणे धारणीकडचे. व्हरांड्यातला खांब हिरव्या रंगाने रंगवला होता. मी बोटाने चाचपून पाहिले. पेन्सिलीची रेघ बोटाला लागत नाही.

मेळघाटात त्यानंतर पुष्कळ काम झाले, हे नोंदवायला हवे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे आमच्या सहलीच्या आधीपासूनच बैरागडला राहत होते. रोग्याला दोन रुपये फी, आणि औषधाइतकेच शेतीकडे आणि रेशनकडे लक्ष. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा सौ.ने शेजारी पेढे वाटले, जणू आमच्याच घरातले कोणी होते. परिस्थिती पूर्वीइतकी वाईट राहिलेली नाही. पण पावसाळ्यात मेळघाटाच्या बातम्या आल्या की आमच्या घरात पेपर आधी तिच्या हातात जातो.

गेल्या मे महिन्यात धाकटी पुण्याहून आली. तिचा मुलगा पाच वर्षांचा. "मला नेलं होतंत ना, तसंच त्याला न्यायचं," ती म्हणाली. या वेळी तिची मोटार होती. अकोट, अंजनगाव करत गेलो. अंजनगावला शकुंतलेचे रूळ दिसले; गाडी कधीच बंद पडली आहे आणि रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. नातवाला मी वाफेच्या इंजिनाची गोष्ट सांगितली. त्याने मोबाइलवर दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा व्हिडिओ काढून मला दाखवला.

चिखलदऱ्याला आता हॉटेले पुष्कळ झाली आहेत. गाड्यांची रांग पॉइंटापर्यंत लागते. पण पंचबोलला नातवाने हाक मारली आणि ती परत आली, तेव्हा त्याचा चेहरा थोरल्याचा तेव्हा झाला होता तसाच झाला. त्या व्हरांड्याकडे मी कोणाला नेले नाही. सौ.नेही विषय काढला नाही. धाकटीला तो मुलगा आठवत नाही. चाराची फळे आठवत नाहीत. कोळशाने काळे झालेले तोंड आठवते म्हणते, पण ते बहुधा फोटोतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या नळाला पाणी नव्हते. टँकर यायचा होता. नातू ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि आईकडे पाहू लागला. ती सामान आवरता आवरता सहज म्हणाली, "थांब रे, डा नाही अजून."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी लेकीला विचारले, "हा शब्द कुठून आणलास?"

"कोणता? डा?" ती जरा थांबली. "आपल्या घरातलाच आहे ना?"