कातळ कचऱ्याचं पाणी अडवत नाही

लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळपट, उग्र वासाचं पाणी, ही मोठ्या शहरांची डोकेदुखी असं बीडच्या बालाघाटावर, लिंबागणेशसारख्या गावात कुणालाही वाटेल. उदाहरणंही शहरांचीच ऐकू येतात. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी नासल्या आणि लोकांवर टँकरची वेळ आली. नारेगाव कचरा डेपोच्या परिसरातल्या गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या कचरागाड्या अडवल्या. पण लिचेट व्हायला कचऱ्याचा डोंगर लागत नाही. ओला कचरा, वरून पाऊस आणि खाली उघडी जमीन एवढं पुरतं.

‘आपल्याकडे पाऊसच कुठे एवढा?’ हा त्यावरचा नेहमीचा सवाल. ओल्या कचऱ्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून जास्त, पाणीच असतं. तो कुजताना आम्लं तयार होतात आणि टाकलेल्या सेल-बॅटऱ्यांमधले धातू त्यांत विरघळतात. पाऊस कमी झाला तर उलट विहिरीत ही घाण पातळ करायला पुरेसं पाणी नसतं.

सगळ्यात पक्का गैरसमज कातळाबद्दलचा. ‘खाली काळा पाषाण आहे, पाणी मुरेल कुठे?’ उत्तर आपल्या विहिरीतच आहे. कठड्यावरून आत पाहिलं तर वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक आणि मग भेगाळलेला कातळ दिसतो. झरा फुटतो तो या भेगेतूनच. ज्या वाटेने पावसाचं पाणी विहिरीत येतं, त्याच वाटेने लिचेटही येतं. वाळूतून जाणारं पाणी हळूहळू गाळलं जातं. रुंद भेगेतून ते फारसं न गाळता पुढे सरकतं. उरुळीजवळच्या उथळ बेसाल्टी जलधरात, म्हणजे अशाच काळ्या पाषाणातल्या भूजलात, लिचेट उतरल्याचं पुण्याच्या भूशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे.

‘विहीर लांब आहे’ हा दिलासाही म्हणूनच अपुरा. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा भरावाची जागा नदीपासून १०० मीटर आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी असं म्हटलं होतं. पण त्याच नियमांत भरावाच्या तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक अस्तरही सांगितलं होतं. ओढ्याच्या काठावर ओतलेल्या ट्रॉलीखाली यातलं काय असतं? पहिल्या मोठ्या पावसात तो ढीग थेट ओढ्यात उतरतो आणि ओढ्याकाठच्या विहिरी तेच पाणी ओढतात.

बोअर खोल आहे म्हणजे सुरक्षित, असंही नाही. केसिंग पाइप सहसा वरच्या मुरमापुरता असतो. तो नीट बसलेला नसेल तर वरचं घाण पाणी त्याच्या कडेने खाली जातं. आणि पडीक आडात किंवा बंद बोअरमध्ये कचरा ढकलणं तर कधीच होऊ नये. मातीमुरमाचे थर जे थोडंफार गाळतात, तेवढंही मग उरत नाही. कचरा सरळ भूजलात जातो आणि तिथून तो काढता येत नाही.

‘पाणी नितळ आहे, उकळून पिऊ, नाहीतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू,’ असंही म्हटलं जातं. पण नायट्रेट, क्लोराइड, शिसं डोळ्यांना दिसत नाहीत. टीसीएल जंतू मारतं. नायट्रेट आणि धातू तसेच राहतात. उकळल्याने पाणी आटतं, त्यामुळे नायट्रेटचं प्रमाण वाढतंच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यात सवलत नाही, कारण जास्त नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद घटवतं.

कचरा टाकणं थांबलं तरी जुना ढीग वर्षानुवर्षं झिरपत राहतो. ढीग जाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की धातू राखेत उरतात आणि पावसाबरोबर खाली जातात.

गावच्या जलसुरक्षकाने पाण्याचे नमुने घेताना कचऱ्याच्या जागेपासून उताराकडची विहीर आवर्जून धरावी आणि तुलनेसाठी वरच्या अंगाची एक. नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा द्यावेत. प्रयोगशाळेकडे जंतूंच्या तपासणीसोबत नायट्रेट, क्लोराइड, अमोनिया आणि विरघळलेल्या क्षारांचीही तपासणी मागावी, आणि सगळे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.