कॅसिनोचा पाहुणचार आणि नाडीचे ठोके

जुगाराचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. जुगाराच्या बातम्या आपण पोलिसांच्या पानावर वाचतो. अमुक गावाच्या शिवारात तिर्रट खेळताना इतक्या जणांना पकडले, इतकी रोकड आणि इतक्या मोटारसायकली जप्त. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे, तेव्हा पोलिसांचा या विषयाशी संबंध जुना आहे हे खरेच. वैद्यकशास्त्र यात बरेच उशिरा आले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जुगाराची अनावर ओढ हा आजार म्हणून आपल्या यादीत घातला आणि २०१३ साली त्याला दारू-अफूच्या व्यसनांच्या पंक्तीला बसवले. जागतिक आरोग्य संघटनेचे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले आजारांचे वर्गीकरणही त्याला व्यसनच मानते.

मात्र हा रोगी दवाखान्यात ‘मला जुगार आहे’ असे सांगत कधीच येत नाही. तो येतो पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप नाही, जेवण जात नाही या तक्रारी घेऊन. आमच्या झरीच्या दवाखान्यात मागच्या दिवाळीनंतर तिशीतला एक शेतकरी आला होता. सोबत बायको. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ह्यांना रात्र-रात्र झोप लागंना. अशक्तपणा लई आलाय, एखादी सलाईन लावा.” रक्तदाब थोडा वाढलेला, बाकी तपासणी ठीक. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या गृहस्थाने चार वेळा मोबाईल काढून पाहिला. बायकोला बाहेर बसवून विचारले तेव्हा हळूहळू उलगडा झाला. सोयाबीनचे पैसे मोबाईलवरच्या खेळात गेले होते, आणि ते परत मिळवण्यासाठी काढलेले हातउसनेही गेले होते. सलाईनने यातले काहीच बरे होणार नव्हते.

अशा रुग्णांपैकी काहींची सुरुवात कोठे झाली हे विचारले, तर एक उत्तर अधूनमधून ऐकू येते : “गोव्याला गेलो होतो.” खत-बियाण्यांच्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांना सहलीला नेतात, त्यात एक रात्र कॅसिनोची असते. मागील हिवाळ्यात एका वैद्यकीय परिषदेनिमित्त पणजीला गेलो, तेव्हा ही जागा असते तरी कशी ते मुद्दाम पाहून आलो.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोचा एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच करण्याचे ठरवले. गोव्याने मात्र आपल्या कायद्यात बदल करून १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांत पत्ते-चक्राचे खेळ यांना वाट करून दिली. आज पणजीच्या काठावरून मांडवी नदीकडे पाहिले की दिव्यांनी लखलखणारी ही जहाजे दिसतात. एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना तेथे खेळण्यास गोवा सरकारने मनाई केली. घरी शिजवलेले घरच्यांच्याच ताटात वाढायचे नाही, असा हा प्रकार आहे.

काठावर ओळखपत्र दाखवायचे, प्रवेशाचे पैसे भरायचे, मग छोटी बोट आपल्याला जहाजावर नेऊन सोडते. एकवीस वर्षांखालील कोणालाही खेळता येत नाही. पाहुणचार मात्र उत्तम, हे कबूल केले पाहिजे. जेवण, मद्य, रंगमंचावर नाचगाणे, सारे प्रवेशाच्या पैशात. शाकाहारी माणसाचीही आबाळ होत नाही. लग्नाच्या मांडवातही कोणी इतक्या अगत्याने ‘घ्या ना’ म्हणत नाही.

पण डॉक्टरी नजरेने पाहिले तर या पाहुणचारातील प्रत्येक गोष्ट शरीरावर काही ना काही काम करीत असते. मी असलेल्या दालनात घड्याळ दिसले नाही आणि खिडकीतून बाहेरचा काळोख दिसत नव्हता. भोवती दिवसासारखा उजेड. अशा उजेडात मेंदूला झोपेची सूचना देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते, माणसाला रात्र कळत नाही. मद्याने सावधपणा सैल होतो. पैशाऐवजी हातात रंगीत चकत्या देतात, त्यांना चिप्स म्हणतात. पाचशेची नोट मोडताना आपल्या जिवावर येते, चकती टाकताना येत नाही. पुढे, जहाज पाण्यात असल्यामुळे मनात आले की उठून चालू लागणे जमत नाही, बोटीची वाट पाहावी लागते. आणि तेवढ्या वेळात आणखी एक डाव होतो.

मी स्वतःवर एक साधा प्रयोग केला. टेबलाजवळ बसून नाडी मोजली, मिनिटाला ७६. मग सर्वांत लहान चकती चक्राच्या लाल रंगावर ठेवली. चक्र फिरू लागले, गोळी खडखडत धावू लागली आणि मी पुन्हा नाडी धरली. ठोके १०४. गोळी लालवर थांबली, पैसे दुप्पट झाले. खरे सांगतो, त्या क्षणी हाताला जी चुळबूळ सुटली ती वयाच्या छपन्नाव्या वर्षी मला नवी होती. ‘आणखी एकदाच’ हे शब्द मनात कोणी उच्चारले ते कळले नाही. मी उठलो आणि जेवायला गेलो, पण त्या चुळबुळीमुळे माझ्या रुग्णांचे बोलणे मला अधिक समजू लागले.

आता थोडे गणित. त्या चक्रावर शून्य आणि १ ते ३६ असे ३७ खण असतात. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि तो आला, तर आपला रुपया धरून ३६ रुपये मिळतात. म्हणजे सर्व ३७ खणांवर एकेक रुपया ठेवला तर ३७ जातात, ३६ येतात. एक रुपया घरमालकाचा. शंभर रुपयांच्या उलाढालीमागे सुमारे २ रुपये ७० पैसे. लबाडी कोणी करीत नाही, तशी गरजही नाही. हा वाटा किरकोळ वाटतो, पण पाच हजार घेऊन बसलेला माणूस तेच पैसे रात्रभर पुन्हा पुन्हा लावतो. जिंकलेलेही लावतो, आणि प्रत्येक फेरीला ती वजावट चालूच राहते.

याच मापाने आपला मटका मोजला तर काय दिसते? आकडे दहा, आणि आलेल्या आकड्याला रुपयामागे साधारण नऊ रुपये. म्हणजे शंभरामागे दहा रुपये कापले. गोव्याच्या झगमगाटापेक्षा आपल्या पानटपरीमागचा चिठ्ठीवाला जवळजवळ चौपट महाग आहे, आणि तो जेवायलाही घालत नाही! कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. मटका मुळात कापसावरच सुरू झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते व बंद होणारे भाव मुंबईत कळत आणि त्यावर लोक पैजा लावीत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेथूनच आले. ते भाव येणे थांबल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्त्यांतून आकडा काढण्याची पद्धत रुळवली.

हरणारा माणूस खेळतच का राहतो, याचे उत्तर मेंदूत आहे. डोपामिन नावाचे रसायन आनंदापेक्षा अपेक्षेशी अधिक बांधलेले असते. ठरलेला पगार ठरलेल्या दिवशी मिळाला तर ते फारसे हलत नाही. अवचित मिळाले तर उसळते. कबुतराला दरवेळी दाणा न देता अधूनमधून, कधी मिळेल हे कळणार नाही असा दिला, तर ते चोच मारणे सोडतच नाही, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. त्याहून विचित्र म्हणजे थोडक्यात हुकलेला डाव. २००९ साली केंब्रिज विद्यापीठातील ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. जवळ येऊन हुकले की जिंकल्यावर चेतणारे मेंदूचे काही भाग तेव्हाही चेततात आणि खेळण्याची इच्छा वाढते, असे त्यांना आढळले. “साहेब, एका घरानं हुकलं” असे सांगताना रुग्णाच्या डोळ्यांत दुःखाऐवजी चमक का असते, हे त्यावरून कळते.

कॅसिनोच्या पाहुणचारातील एका गोष्टीचे मात्र डॉक्टर म्हणून कौतुक करायला हवे. ती गोव्यातली नाही, अमेरिकेतली आहे. तेथील कॅसिनोंत हृदय बंद पडून कोसळणारे पाहुणे कमी नसतात. म्हणून काही कॅसिनोंनी सुरक्षारक्षकांना हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र वापरायला शिकवले. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हृदयाची लय बिघडून कोसळलेल्या १०५ जणांपैकी ५६ जण रुग्णालयातून जिवंत घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांत झटका मिळालेल्यांत तर शंभरातले ७४ वाचले. पैशांवर डोळा ठेवायला लावलेल्या कॅमेऱ्यांत माणूस पडताना लगेच दिसतो, त्याचाही हा फायदा. आपल्या बसस्थानकांवर आणि बाजार समित्यांत असे यंत्र कधी येणार, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

असो. गोवा लांब आहे, मोबाईल खिशात आहे. त्या जहाजाला निदान दार आहे, वयाची अट आहे, परत येणारी बोट आहे. मोबाईलवरच्या चक्रीला यातले काहीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांनी आपले खेळ थांबवले. त्यानंतर माझे काही रुग्ण खरोखर सुटले. काहींनी कोणाच्या तरी सांगण्यावरून चोरट्या ॲपची वाट धरली. कायद्याने दुकान बंद होते, भूक तशीच राहते.

आजार ओळखायचा कसा? तोच थरार मिळावा म्हणून रक्कम वाढत जाते. खेळायला मिळाले नाही की चिडचिड होते. गेलेले परत मिळवण्यासाठी माणूस पुन्हा खेळतो. घरी खोटे बोलतो. कर्ज लपवतो. यातली दोन-तीन लक्षणे जरी महिनोन्महिने दिसली तरी रागावून उपयोग नाही, उपचार हवा. विचारांची सवय बदलणारे समुपदेशन हा त्यातला मुख्य उपाय आहे. दारू-अफूच्या व्यसनात वापरले जाणारे नाल्ट्रेक्सोन काही रुग्णांत ही ओढ कमी करते. ते मानसोपचारतज्ज्ञांनी, यकृताची तपासणी करूनच द्यायचे असते. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचाही इलाज करावा लागतो.

घरच्यांना माझे सांगणे वेगळे आहे. मुलाबाळांची शपथ घालू नका. मोडलेल्या शपथेची लाज माणसाला आणखी लपवाछपवी शिकवते. भावाने किंवा सासऱ्याने सगळे कर्ज एकदम फेडून टाकू नये, कारण हात मोकळा झाला की पुन्हा डाव लागतो. बँकेचे खाते, मोबाईलचे पैसे, बाजार समितीची पट्टी काही काळ बायकोच्या किंवा आईच्या हाती द्यावी. ही शिक्षा नाही, मोडलेल्या हाडाला बांधलेल्या पट्टीसारखी व्यवस्था आहे, हे रुग्णालाही समजावून सांगावे. वारकऱ्याची माळ घालून पत्ते सुटलेले लोक मी पाहिले आहेत. माळेबरोबर संगत बदलते आणि संध्याकाळचा वेळ हरिपाठात जातो, हे त्यातले औषध असावे असे मला वाटते.

कर्जात बुडालेला जुगारी एकाएकी गप्प झाला, जेवण सोडले, ‘माझ्यामागं तुम्ही सुखी राहा’ असे बोलू लागला, तर ते तोंडदेखले समजू नका. या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो. फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवा, त्याला एकटे सोडू नका आणि दवाखान्यात आणा. रात्रीबेरात्री १४४१६ या ‘टेलिमानस’च्या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते. पैसे पडत नाहीत. परभणीला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तेथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही.

एक शेवटची बाब, वयस्कर रुग्णांसाठी. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही जणांत आयुष्यात कधी नव्हती अशी जुगाराची ओढ अचानक उत्पन्न होते. साठी उलटलेले सरळमार्गी आजोबा एकाएकी आकडे लावू लागले, तर त्यांना दोष देण्यापूर्वी गोळ्यांची चिठ्ठी पाहा. गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना ही गोष्ट सांगा. मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की ही ओढ बहुधा ओसरते.