बटणं शिकवून झाली, पुढे काय? प्राध्यापकांचं ऑनलाइन प्रशिक्षण

विषय तसा प्राध्यापकांचा घरगुती आहे. पण त्याची झळ बसते विद्यार्थ्यांना, म्हणून तो इथे, रत्नागिरीत, सगळ्यांसमोर मांडतो आहोत.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि बघता बघता सगळी महाविद्यालयं ऑनलाइन झाली. सहकाऱ्यांना मदत करायला आम्ही काही जण बसलो. आम्ही काय शिकवलं? बटणं. लिंक कशी पाठवायची, माइक कुठे बंद होतो, स्क्रीन कशी दाखवायची. दोन दिवसांत बहुतेकांना जमलं, आणि आम्ही काम झालं असं समजून मोकळे झालो. मग महिन्याभराने काही तास बघितले. एक आवाज तासभर स्लाइड वाचतोय आणि समोर साठ काळे चौकोन. फळ्यासमोर पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस मुलांचे डोळे बघून ओळखतो, कळतंय की नाही ते. ते डोळेच गेले होते. त्यांच्या जागी काय ठेवायचं, हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

त्यात आपलं कोकण. घरात रेंज नाही म्हणून मुलं सड्यावर जाऊन बसायची. 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. "उद्या दहाला जॉइन व्हा" याला तिथे काय अर्थ?

खरं म्हणजे उत्तराचा बराचसा भाग आपल्या राज्यात आधीच तयार होता. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प चालला. पवईहून व्याख्यान थेट दिसायचं, पण प्रात्यक्षिकं ठिकठिकाणच्या केंद्रांवर, स्थानिक समन्वयकासमोर व्हायची. म्हणजे अडलं तर शेजारी माणूस होता. पुढे तिथल्याच शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या मंडळींनी प्राध्यापकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढले. त्यात प्राध्यापकांना आधी स्वतः विद्यार्थी व्हावं लागे. व्हिडिओ मध्येच थांबायचा, एक प्रश्न यायचा, आधी विचार करा, लिहा, मगच पुढे. याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. गोष्ट छोटी वाटते. पण स्वतः तिथे अडकल्याशिवाय प्राध्यापकाला कळत नाही की आपल्या तासाभराच्या बोलण्यात असा थांबा एकही नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही बटणांना अर्धा तास दिला, बस्स. प्रत्येकाने स्वतःचा एकच पाठ आणायचा आणि तो मोडायचा. व्हिडिओऐवजी दहा मिनिटांचा आवाज, म्हणजे साध्या दर्जात साधारण पाच एमबी, व्हॉट्सअॅपवर. रेंज मिळेल तेव्हा मुलगा उतरवून घेईल. शेवटी एक प्रश्न, उत्तराला दोन दिवस.

रसायनशास्त्राच्या एका मॅडम आधी नाराजच होत्या. "प्रयोगशाळेशिवाय दर्शक काय शिकवणार?" मग त्यांनीच मुलांना सांगितलं, घरातलं कोकमाचं आगळ पाण्यात पातळ करा, थोडा थोडा खायचा सोडा घाला, रंग बघा, फोटो पाठवा. आगळ आपल्याकडे कुणाच्या घरी नसतं? लाल रंग पालटत गेला, फेस आला. फेस कशाचा आणि रंग कधी बदलला, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहायचं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलांनी रात्री अकराला उत्तरं पाठवली. काही चुकीची होती, पण चूक कुठे आहे ते मॅडमना दिसलं. डोळ्यांच्या जागी काय, तर हे.

मात्र एक गोष्ट आम्हाला अजून सुटलेली नाही. साठ उत्तरं वाचायला त्या मॅडमना तीन रात्री लागल्या. ऑनलाइन तास घेतला की तो नोंदला जातो. वेळापत्रकात या तीन रात्रींसाठी रकानाच नाही. तो रकाना मागायला आम्ही गेलो, तेव्हा "आधी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं जमा करा" असं सांगण्यात आलं. ती आम्ही जमा केली आहेत.

आता प्रश्न घेऊ या.