चाळणी जरा उशिरा लावा

1895 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून रग्बीत वेगळी चूल मांडली. सामन्यापायी बुडालेली मजुरी कामगार खेळाडूंना भरून द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. त्यातून निघालेला रग्बी लीग तेव्हापासून गिरण्या, खाणी आणि गोद्यांच्या गावांचा खेळ राहिला. मे 2021 मध्ये खेळाच्या नियामक संस्थेने कुमार खेळाडू घडवणाऱ्या 'एलिट' अकादमीचे 2022 पासूनचे परवाने जाहीर केले, तेव्हा ब्रॅडफर्ड, कॅसलफर्ड आणि हल किंग्स्टन रोव्हर्स ही नावे यादीत नव्हती. ओरड झाली आणि काही महिन्यांत तिघांनाही परवाने मिळाले. निर्णय फिरला, पण त्यामागचा समज मात्र शाबूत आहे: दारे कमी केली की आत येणारा माल आपोआप सुधारतो.

ब्रॅडफर्डच पाहा. 2014 मध्ये हा क्लब सुपर लीग या अव्वल स्पर्धेतून खाली घसरला, 2017 च्या सुरुवातीला तर कंपनीच अवसायनात निघाली. पण सॅम बर्जेस आणि त्याचे धाकटे जुळे भाऊ, एलियट व्हाइटहेड, जॉन बेटमन हे पुढे ऑस्ट्रेलियात नाव काढणारे खेळाडू याच क्लबात घडले. पहिल्या संघाचा ताळेबंद आणि रोपवाटिकेचा कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी अडचण दारांच्या संख्येत नाही, चाळणी लावण्याच्या वयात आहे. इंग्लंडमध्ये वयोगट शालेय वर्षाप्रमाणे, 1 सप्टेंबरपासून मोजतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा पुढच्या ऑगस्टात जन्मलेल्या गड्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतो, आणि टक्कर देण्याच्या खेळात तेवढे वर्ष पुरते. निवडलेल्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतल्या मुलांची गर्दी असते, हे लीड्सच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. (आपल्या कबड्डीत किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, त्यामागचे शहाणपण हेच.) उशिरा वाढणारा मुलगा पुढे बरोबरी गाठतो, पण तोवर त्याला घरी पाठवलेले असते.

यावर आक्षेप असा की मुले थोडी आणि अकादम्या फार. मग सामने एकतर्फी होतात आणि गावातल्या हौशी क्लबांचे संघ मोडतात. हे खोटे नाही. पण संघ मोडतात ते पंधरा वर्षांखालील मुलांना करारात बांधून नेल्यामुळे. सोळापर्यंत मुलाला गावच्या क्लबातच खेळू द्यावे, अकादमीच्या प्रशिक्षकांनी तिथे जाऊन शिकवावे, आणि एकदा नाकारलेल्याला अठरापर्यंत परत यायची वाट ठेवावी. आपण थांबलो तर शेजारचा क्लब मुलगा पळवील, ही भीती सर्वांना एकच तारीख लावली की उरत नाही. रग्बीच्या मूळ शाखेला, म्हणजे रग्बी युनियनवाल्यांना, मात्र ती तारीख बंधनकारक नाही. काही मुले तिकडे जातीलच. आज पंधराव्या वर्षी आपणच ज्यांना परत पाठवतो, त्यांच्यापुढे ती गळती मला लहान वाटते.