लोखंडाची शिडी की फायबरची?



पालम गटातील एका प्रात्यक्षिक प्लॉटवर मागे एक अपघात घडला. तो आधी सांगतो, कारण त्यात चूक आमची होती. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तारेला टेकत होत्या. तारेजवळ लोखंडी शिडी नको म्हणून आम्ही मुद्दाम फायबरची शिडी आणवली. ती आणताना ट्रॉलीतून दगडावर पडली. पाहिले तर नुसता ओरखडा. "काही झालं नाही, चला," असे आम्हीच म्हणालो. पुढे आठ दिवसांनी लाइन बंद करवून माणूस वर चढला आणि सात फुटांवर शिडीची एक बाजू काड्कन मोडली. हाताच्या मनगटाचे हाड मोडले, जिवावरचे मनगटावर निभावले. लोखंडी शिडी असती तर ती पडल्यावर वाकली असती आणि आमच्या डोळ्यांना दिसले असते.

तेव्हापासून सभासद विचारतात, "साहेब, मंग फायबर घ्यावं का नाही?" त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

फायबर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीलाही फायबरची खुर्ची म्हणतात. ते खरे फायबर नव्हे. खऱ्या फायबरमध्ये दोन वस्तू असतात: काचेचे बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. तुटलेला तुकडा पाहिला तर कडेला धागे दिसतात. दुकानात ही खूण ध्यानात ठेवावी.

यात परके काही नाही. आपल्या माळवदाच्या घराच्या भिंतीला गिलावा करताना मातीत भुसकट तुडवतात. नुसती माती वाळली की भेगाळते, भुसकट ती भेग धरून ठेवते. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. भांग पिण्यासाठी नव्हे, भिंतीसाठी! तो गिलावा हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

आता कोणी म्हणेल, काच तर टिचकीने फुटते, तिच्यात बळ कुठले? काचेच्या तावदानाला कुठेतरी बारीक चीर असते आणि ताण आला की ती एका दमात आरपार धावते. काच केसाहून बारीक ओढली की चिरेला जागाच राहात नाही. धागा जितका बारीक तितका बळकट, हे इंग्रज शास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी १९२० साली दाखवले. शिवाय हजारो धाग्यांतला एक तुटला तरी चीर तिथेच थांबते, शेजारचा धागा भार घेतो.

आकडे काय सांगतात?

एक लिटर मापाचा लोखंडाचा ठोकळा सुमारे ७.८५ किलो भरतो. तेवढेच ॲल्युमिनियम २.७ किलो, काचेचे फायबर सुमारे २ किलो आणि कार्बनचे फायबर सुमारे १.६ किलो.

ओढून तोडायचे म्हटले तर साधे पोलाद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४,२०० किलो भाराला तुटते. सगळे धागे एकाच दिशेने लावलेले काचेचे फायबर धाग्यांच्या दिशेने सुमारे १०,००० किलोपर्यंत दम धरते. वजनाच्या मानाने पाहिले तर ही ताकद पोलादाच्या आठ-नऊ पट झाली.

पण इथेच मेख आहे. तेच फायबर धाग्यांना आडवे ओढले तर ३००-४०० किलोंतच फाटते. पोलादाला उभे-आडवे सारखेच. बांबू आडवा तोडायला कोयता मारावा लागतो, उभा मात्र एका फटक्यात चिरतो, तसेच हे. टाक्यांमध्ये धागे तुकडे करून सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यामुळे ताकद सर्व बाजूंनी सारखी मिळते, पण ती ८००-१,००० किलोंवर येते, म्हणजे पोलादाहून कमी. सबब 'फायबर लोखंडापेक्षा मजबूत' असे कोणी म्हणाले की विचारावे, कोणत्या दिशेने?

दुसरी गोष्ट ताठपणाची. ताकद वेगळी, ताठपणा वेगळा. एकाच मापाच्या दोन कांबींवर सारखे वजन टांगले तर काचेच्या फायबरची कांब पोलादाच्या चार-पाच पट लवते. कार्बनचे फायबर ताठ असते, पण महाग. जिथे प्रत्येक ग्रॅम मोलाचा तिथे ते परवडते. डॉ. अब्दुल कलाम यांनी क्षेपणास्त्रांसाठी तयार केलेल्या अशाच हलक्या पदार्थातून हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील अपंग मुलांसाठी कॅलिपर बनवून घेतले. पायातले सुमारे ३ किलोंचे ओझे ३०० ग्रॅमवर आले.

लोखंड सांगून मोडते

पोलादावर सुमारे २,५०० किलोंचा ताण आला की ते वाकू लागते, लांबते, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने तुटते. म्हणजे ते आधी सांगते, "बाबा, आता उतर." फायबर मोडेपर्यंत सरळ राहते आणि मोडले की मोडलेच. मार लागला तर बाहेर ओरखडा आणि आत थर सुटलेले, हेच आमच्या शिडीचे झाले. म्हणून ट्रॉलीचा हूक, ॲक्सल, साखळी ही पोलादाचीच हवी. कोयत्याची धार आणि कारखान्यातले मिलचे रोलरही धातूचेच, कारण तिथे घासणे आणि दाब आहे.

उलट लोखंडाचा वैरी गंज. ठिबकची लोखंडी खताची टाकी पोटॅश-युरियाच्या पाण्याने आतून खाऊन जाते, फायबरच्या टाकीला गंजण्याची भीती नाही. आणि तारेजवळ लोखंडी शिडी म्हणजे यमाला निमंत्रण. कोरडे, स्वच्छ काचेचे फायबर वीज वाहून नेत नाही. मात्र ओल्या, चिखलाने माखलेल्या शिडीचा भरवसा धरू नये, आणि कार्बनच्या फायबरमधून वीज वाहते हेही विसरू नये. लाइन बंद झाल्याची खात्री करूनच काम करावे. ११ केव्हीच्या तारेजवळ तर कोणतीच शिडी नेऊ नये, ते काम महावितरणच्या माणसांचे.

वापरताना

१. फायबरची वस्तू पडली, तिच्यावरून चाक गेले, तर ती बाजूला ठेवावी. मडके वाजवून घेतो तसे नाण्याने ठोकत जावे. खणखणीत आवाज मधेच बद्द झाला तर आत थर सुटला असे समजावे. शिडी असेल तर पुन्हा चढूच नये.

२. मनाला येईल तिथे भोक पाडू नये, भोकाबरोबर धागे कापले जातात. त्याला वेल्डिंग चालत नाही.

३. उन्हात ठेवू नये. उन्हाने वरची राळ उडते व धागे उघडे पडतात. हाताला खाज येऊ लागली की वस्तू म्हातारी झाली.

४. कापताना, घासताना तोंडाला ओले फडके बांधावे. ती धूळ छातीत जाऊ देऊ नये.

ऊसही फायबरच

जाता जाता आमच्या खात्याचे थोडे. उसाचे कांडे चिरून पाहा. तंतूंचे पुंजके सालीजवळ दाट आणि गाभ्यात विरळ. वाऱ्याने वाकताना भार कडेवरच येतो, म्हणून निसर्गाने बळ तिथे ठेवले. पण बुडाला माती नसेल तर हे बळ काय कामाचे? मोठी बांधणी चुकवली आणि उशिरा युरिया ओतला की वाढ लुसलुशीत होते आणि ऊस लोळतो. लोळलेल्या उसाला उंदीर लागतात, डोळे फुटतात, उतारा घटतो.

त्या माणसाच्या औषधपाण्याचा खर्च दिला गेला, तो आता कामावर येतो. पण शिडी धरायला सांगितली की आधी नाणे मागतो. आम्ही खिशात ठेवतोच. आपणही ठेवावे. या हंगामात तोड सुरू होण्याआधी घरची प्रत्येक शिडी एकदा वाजवून पाहावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी