खेड्यात कार्यशाळा उभारण्यापूर्वी

नोकरीतून मोकळे झाल्यावर शहराची धावपळ सोडावी, कोठेतरी खेड्यात थोडीशी जमीन घ्यावी आणि तिच्या एका कडेला शेड बांधून आपल्या हातचे काम सुरू करावे, ही इच्छा इंग्लंडमधील आपल्या समाजाच्या पुष्कळ कुटुंबांत आम्ही ऐकत आलो आहोत. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील मुंबईत सुतार, फिटर, गवंडी अशी कामे करीत. त्यामुळे हत्याराची ओढ आपल्याकडे पिढीजात आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले. निमित्तही घरचेच घडले.

आमच्या मेहुण्यांनी दोन वर्षांपूर्वी वूस्टरशरमधील एका खेड्याच्या शिवेवर अर्धा एकर जमीन आणि तिच्यावरील गुरांचा जुना गोठा विकत घेतला. त्यांचे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते आणि स्वतः मेहुण्यांचीही उमर फर्निचरच्या कारखान्यात गेली. गोठ्याची कार्यशाळा करावी, ओक लाकडाची उत्तम टेबले व कपाटे बनवावीत आणि ती लंडनला विकावीत असा त्यांचा बेत होता. बेत चांगला होता, परंतु पहिल्याच वर्षी एकामागून एक विघ्ने उभी राहिली.

पहिले विघ्न कागदाचे. शेतीची इमारत धंद्याला वापरायची असेल तर कोणती परवानगी लागते याची चौकशी व्यवहाराआधी करावयास हवी होती, ती नंतर झाली. गल्ली अरुंद आहे, मालाची लॉरी आत कशी येणार, या एका मुद्द्यावर अर्ज परत आला आणि पाच महिने गेले. दुसरे विघ्न कोब्याचे. उशीर झाला म्हणून घाई केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस काँक्रीटचा कोबा घातला. त्याच रात्री दहिवर गोठले. ओल्या काँक्रीटमधील पाणी गोठले की ते फुगते आणि काँक्रीट आतून भुसभुशीत होते. वसंतात कोब्याचा वरचा थर बुटाच्या टाचेने उकरून निघू लागला. तिसरे विघ्न ओलीचे. कोब्याखाली ओल अडविणारा प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरलाच नव्हता. रंध्यांची पाती व करवती गंजल्या, आणि मोठ्या हौसेने केलेल्या पहिल्याच टेबलाची फळी वाकली. या सर्वांवर कळस म्हणजे गिऱ्हाईक फिरकेना.

एके रात्री त्यांचा फोन आला. “दादा, सगळे विकून टाकतो. निम्मी पुंजी गेली, उरलेली तरी वाचेल.” आम्ही म्हटले, “विकायचे तर विका, पण त्याआधी एक दिवस आमच्याबरोबर चिपिंग कॅम्डनला चला. तुमच्या घरापासून ते दूर नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच बेत घेऊन माणसे तेथे आली होती. त्यांचे काय झाले ते पाहू, मग ठरवा.”

चिपिंग कॅम्डन हे ग्लॉस्टरशरमधील कॉट्सवोल्ड टेकड्यांतले लहानसे गाव. मध्ययुगात लोकरीच्या व्यापाराने ते श्रीमंत झाले. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे व भव्य चर्च ही त्या वैभवाची खूण होय. पुढे व्यापार गेला आणि गाव मागे पडले. त्या गावात १९०२ साली लंडनच्या ईस्ट एंडमधून सुमारे पन्नास कारागीर आपल्या बायकामुलांसह राहावयास आले. एकंदर दीडशे माणसे असावीत. त्यांच्या संस्थेचे नाव ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’, म्हणजे हस्तकारागिरांचा संघ, आणि त्यांचे पुढारी होते वास्तुशिल्पी चार्ल्स रॉबर्ट ॲशबी. ॲशबींच्या मातोश्री हँबर्गच्या एका यहुदी व्यापारी घराण्यातील होत्या, हे आपल्या वाचकांस जाणून कौतुक वाटेल.

या संघाची स्थापना १८८८ साली व्हाइटचॅपलमधील टॉयन्बी हॉलमध्ये झाली, तीही अवघ्या ५० पौंडांच्या भांडवलावर. १८९१ पासून माइल एंड रोडवरील एसेक्स हाउस या जुन्या वाड्यात त्यांची कार्यशाळा होती. रशियातून व पोलंडातून आलेली यहुदी कुटुंबे त्याच काळात त्याच गल्ल्यांतून दाटीवाटीने राहत होती. चांदीकाम, मीनाकाम, दागिने, लोहारकाम, लाकडी सामान व नक्षीकाम अशी अनेक कामे संघात चालत. विल्यम मॉरिस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या छापखान्यातील हातयंत्रेही संघाने घेतली होती. वाड्याचा भाडेपट्टा संपत आला तेव्हा लंडनमध्येच राहावे की खेड्यात जावे असा प्रश्न आला. ॲशबींनी तो कारागिरांच्या मतास टाकला आणि बहुमत खेड्याच्या बाजूने पडले.

कॅम्डनमध्ये शीप स्ट्रीटवर रेशमाची एक जुनी गिरणी बंद पडलेली होती. ती त्यांनी भाड्याने घेतली आणि तिच्यात आपली कार्यशाळा मांडली. राहण्यासाठी गावातील जुनी घरे दुरुस्त केली. पोहण्यासाठी तलाव खणला, वाद्यवृंद उभा केला, नाटके बसविली. १९०४ साली कारागिरीची शाळाही काढली आणि तीत गावची मुले व मोठी माणसेही शिकू लागली.

तथापि विघ्ने त्यांच्याही मागे लागलीच. आरंभी गावकऱ्यांना ही मंडळी परकी वाटली. त्यांची बोली निराळी, पोशाख निराळा, आणि मजुरी शेतमजुराहून पुष्कळ अधिक. नव्या मंडळींमुळे घरांची भाडी वाढली आणि काही जुन्या भाडेकरूंना जागा सोडावी लागली, तेव्हा कटुता आली. आपणांपैकी जे या देशात नव्या वस्तीत राहावयास गेले त्यांस हा अनुभव उलट बाजूने ठाऊक आहे. परंतु शाळा, नाटके व वाद्यवृंद यांच्यामुळे हळूहळू ये-जा वाढली, आणि काही वर्षांत ते दुखणे पुष्कळसे बरे झाले.

दुसरे दुखणे मात्र बरे झाले नाही. संघाचे गिऱ्हाईक लंडनमध्ये होते आणि कार्यशाळा सुमारे नव्वद मैलांवर. त्याच सुमारास लंडनच्या लिबर्टीसारख्या मोठ्या दुकानांनी तशाच घाटाची चांदीची भांडी यंत्राच्या साहाय्याने बनवून कमी किमतीत विकावयास आरंभ केला. शिवाय ज्यांचे पोट कारागिरीवर अवलंबून नव्हते अशा हौशी बाया आपला माल स्वस्तात देत. मागणी घटली तरी कारागिरांना काम द्यावयाचे म्हणून माल बनतच राहिला व तो कोठारात साठत गेला. १९०५ नंतर तोटा वाढला आणि १९०८ साली संघाची कंपनी विसर्जित झाली. ज्या मित्रांनी व कारागिरांनी भाग घेतले होते त्यांचा पैसा बुडाला.

ॲशबींनी त्याच वर्षी एका पुस्तकात याची कारणमीमांसा केली. तीतील एक कारण आमच्या मेहुण्यांना आम्ही मुद्दाम ऐकविले. लंडनमध्ये मंदी आली की कारागीर काही महिने दुसऱ्याकडे कामास जाई व हंगाम सुधारल्यावर परत येई. खेड्यात दुसरे कोणी मालक नव्हतेच. त्यामुळे मंदीचा सारा भार संघालाच सोसावा लागला. शहरात जो आधार न मागता मिळत होता, तो खेड्यात आपला आपण उभा करावा लागतो, ही गोष्ट निघताना कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

संघ मोडला तेव्हा मदतीला आले ते फिलाडेल्फियाचे यहुदी साबण-कारखानदार जोसेफ फेल्स. त्यांनी जवळच्या ब्रॉड कॅम्डन येथे सुमारे ७० एकर जमीन विकत घेतली. जे कारागीर राहू इच्छीत त्यांना तिचे तुकडे मिळाले, जेणेकरून अर्धे पोट भाजीपाल्यावर व जनावरांवर भरावे आणि अर्धे कारागिरीवर. पुष्कळजण लंडनला परतले, परंतु काही टिकले. पायमेंट नावाच्या सुताराने बांधकामाचा व्यवसाय काढला आणि गावाची घरे बांधण्या-दुरुस्त करण्याचे काम मिळविले. अलेक मिलर हे नक्षीकाम करणारे १९३९ पर्यंत तेथेच राहून चर्चसाठी लाकडी व दगडी मूर्ती घडवीत होते. जॉर्ज हार्ट यांनी शेतीही केली आणि चांदीकामही सोडले नाही.

त्या हार्ट घराण्याची कार्यशाळा रेशमाच्या गिरणीत आजही चालू आहे. आम्ही मेहुण्यांना घेऊन जिना चढून वर गेलो. लाकडी ओटे, त्यांवर हातोड्यांच्या रांगा, खिडकीतून पडणारा प्रकाश. आणि वर छताला आकड्यांत ओवून टांगलेले जुन्या बिलांचे जुडगेच्या जुडगे. मेहुणे कितीतरी वेळ त्या बिलांकडेच पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “दादा, एवढी बिले म्हणजे एवढी गिऱ्हाइके. माझ्याकडे तर एकसुद्धा नाही.” आम्ही काही बोललो नाही. त्यांचा हिशेब त्यांनीच केला होता.

परतताना गाडीत आपल्या कोकणाची गोष्ट निघाली. आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शब्बाथच्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. हा घाणा म्हणजे खेड्यातील कार्यशाळाच की! तो घराशेजारी असे, बैल घरचा, आणि तेल घेणारे शेजारपाजारचे. दिव्याला तेल हवे, फोडणीला हवे, अंगाला हवे. पेंड जनावरांच्या उपयोगी पडे आणि जोडीला थोडी शेतीही असे. म्हणूनच तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पुढे दिव्यासाठी रॉकेल आले, गिरण्यांचे तेल आले, मुंबईत पलटणीत, बांधकामावर व कचेऱ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या, आणि एकेक घाणा थांबला. तेव्हाही आपली माणसे हातावर हात ठेवून बसली नाहीत. घाण्याच्या लाकडाशी झगडलेले हात मुंबईत रंधा व करवत चालवू लागले.

ॲशबींचेही असेच झाले. संघ बुडाल्यानंतर दहा वर्षांनी, १९१८ साली, ते यरुशलेम येथे नगररचनेचे सल्लागार म्हणून गेले आणि १९२२ पर्यंत राहिले. तेथील जुन्या कापूस बाजाराची पडझड दुरुस्त करून त्यांनी त्यात हातमाग बसविले व शिकाऊ मुलांना विणकामास लावले. कॅम्डनमध्ये हात पोळलेला मनुष्य पुन्हा कार्यशाळाच उभारावयास निघाला, हे आम्हांस मोठे वाटते.

असो. मेहुण्यांनी जागा विकली नाही. मात्र बेत पुष्कळ बदलला. संपूर्ण गोठ्याऐवजी त्याचा तिसरा हिस्साच त्यांनी कार्यशाळेसाठी घेतला. बाकीच्यावर नुसते पत्रे ठीकठाक केले. भुसभुशीत कोबा फोडून काढला, खाली खडी व प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि मे महिन्यात नवा कोबा घातला. लॉरीचा प्रश्न लाकूड लहान गाडीतून आणण्याचे लेखी कळवून सोडविला, तेव्हा अर्ज मंजूर झाला. मुख्य म्हणजे लंडनच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणे सोडून त्यांनी गावातच चौकशी केली. शेतांची फाटके मोडलेली होती, जुन्या घरांच्या खिडक्या कुजलेल्या होत्या, आणि चर्चच्या दोन बाकांचे पाय खिळखिळे झाले होते. ही कामे शोभेची नाहीत, पण त्यांचे पैसे वेळेवर येतात. ओकचे टेबल आता रविवारी, फुरसतीने होते. गेलेल्या पुंजीपैकी फार थोडी परत आली आहे आणि बाकीची येईल असे मेहुणे स्वतःही म्हणत नाहीत. बहीण म्हणते, निदान आता त्यांना रात्री झोप लागते.

ज्या कुटुंबांच्या मनात असा बेत असेल त्यांना आमचे सांगणे एवढेच की, जमीन पाहावयास जाल तेव्हा प्रथम कौन्सिलच्या कचेरीत जा, दुसऱ्या खेपेस गावातील चार माणसांना भेटून त्यांचे काय मोडले आहे ते विचारा, आणि तिसऱ्या खेपेस घरी बसून हिशेब करा की एक वर्ष एकही गिऱ्हाईक आले नाही तर चूल कशावर पेटेल. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर खुशाल जा. कोबा मात्र थंडीत घालू नका.