जमिनीखालचं यंत्राला किती कळतं?

इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं खेडं आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज हे निवृत्त माळी आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन तिथल्या शेतात उतरले. यंत्र भलत्याच जागी जोरात वाजलं. खणलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. थोडंफार हाती आल्यावर लॉज यांनी खोदणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ तिथे पोहोचले. सुमारे १५,००० रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या. आज हा ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो हातोडाही नंतर सापडला आणि तोही तिथेच आहे.

पण या गोष्टीतला मोलाचा भाग सोन्याचा नाही. हा ऐवज ओकच्या लाकडी पेटीत ठेवलेला होता. आत चेरी आणि यू या झाडांच्या लाकडाच्या लहान पेट्या होत्या, एक हस्तिदंती डबी होती, काही वस्तू कापडात गुंडाळलेल्या होत्या. यातलं काहीही डिटेक्टरला ऐकू आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. लाकूड तर केव्हाच कुजलं होतं. बिजागऱ्या आणि कुलुपं नेमकी कुठे होती, कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर होती, हे जागेवर टिपलं गेलं म्हणून ती पेटी कागदावर पुन्हा उभी राहिली. लॉज यांनी सगळं उपसून पिशव्या भरल्या असत्या, तर नाणी तेवढीच मिळाली असती, पेटी मात्र कायमची गेली असती.

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीजप्रवाह सोडला की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र बनतं आणि चकतीला त्याची चाहूल लागते. थोडक्यात, यंत्राला मुख्यतः कळतो तो विजेचा वाहक. खापर, हाड, मणी, दगडी हत्यार यांपैकी सहसा काहीच त्याला जाणवत नाही. एखाद्या अश्मयुगीन वस्तीवरून दिवसभर चकती फिरवली तरी हेडफोनमध्ये शांतताच राहील.

धातू ओळखण्याचा दावाही बेतानेच घ्यायचा. परत येणारा सिग्नल धातूच्या जातीइतकाच त्याच्या आकारावर आणि जाडीवर ठरतो. त्यामुळे नाजूक सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पडद्यावर शेजारीशेजारी आकडे दाखवतात. कडीचा वैताग नको म्हणून तो आकडा बंद केला की अंगठीही गेली. लोखंडाचे खिळे टाळायची सोय असते, पण मग बाणाची टोकंही हातची जातात. गंजका खिळा नाण्याला चिकटून असेल तर खिळ्याचा आवाज नाण्याला झाकून टाकतो. आणि वय? ते कोणतंच यंत्र सांगत नाही. सातवाहनांचं शिशाचं नाणं आणि गेल्या वर्षी जाळ्यातून निसटलेलं शिसं यांचा आवाज सारखाच.

खोलीचं गणितही जाहिरातीपेक्षा तोकडं आहे. साध्या डिटेक्टरला रुपयाएवढं नाणं १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत लागतं, तेही आडवं पडलं असेल तर. कडेवर उभं असेल तर अंतर आणखी घटतं. भांडंभर ऐवज जास्त खोलवरूनही कळतो. मोठी चकती लावली तर खोली वाढते, पण बारीक वस्तू सुटतात. आपल्याकडे यात जमिनीची भर पडते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट आहे, कोकण-गोव्याच्या जांभ्यात लोहाची संयुगं ठासून भरलेली. अशी जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देत राहते. ती गडबड वजा करण्याची सोय चांगल्या यंत्रांत असते, तरी पल्ला कमी होतोच.

म्हणूनच ‘शंभर मीटरवरचं सोनं दाखवतो’ असं सांगत हातात अँटेनाची मूठ देणारा माणूस भेटला तर पोलिसांकडे जावं. जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याने असलंच एक उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं. मूळ चीज गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाने विकलं जाणारं खेळणं होतं. तपासनाक्यांवर लोकांचे जीव त्याच्यावर सोपवले गेले. २०१३ मध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला आणि त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीची अघोरी कृत्यंही आहेत. हाव तीच, फक्त साधन बदलतं.

खरी ताकद दिसते ती यंत्र शिस्तीने फिरवल्यावर. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड पडला. ती लढाई अँबियन टेकडीवर झाली असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जाई. पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने काही वर्षं आजूबाजूची शेतं पट्ट्यापट्ट्याने तपासली आणि प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडली. शिशाचे तोफगोळे टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर सापडले. एका जुन्या दलदलीच्या काठाशी मुलामा दिलेला चांदीचा छोटा रानडुक्कर मिळाला. तो रिचर्डच्या माणसांचा बिल्ला होता. एकेकटा उचलला असता तर प्रत्येक गोळा नुसतं शिसंच ठरला असता.

अशी नोंद व्हायची तर कायद्याचीही साथ हवी. आपल्याकडे संरक्षित स्मारकाच्या जागी परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे. इतरत्र शेतात काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यायची. इंग्लंडमध्ये बाजारभावाने मोल ठरतं. हॉक्सनच्या ठेव्यासाठी साडेसतरा लाख पौंड दिले गेले आणि लॉज यांनी त्यातला वाटा मित्राला दिला. आपल्या शेतकऱ्याला मात्र दुर्मीळ नाण्याचा जवळपास मोडीचाच भाव मिळणार असेल, तर तो कचेरीची पायरी चढण्याआधी सराफाची चढेल. हा कायदा बदलायला हवा, आणि तो यंत्रांची विक्री आणखी वाढण्याआधी बदलायला हवा.